मीटरवरचं नाव

आमच्या घराचं वीजबिल वडिलांच्या नावानं यायचं. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी ते महिन्याच्या महिन्याला यायचं, आणि वेळेत भरणा न केल्यास आपला पुरवठा खंडित करण्यात येईल असं त्यात वडिलांना आदरपूर्वक बजावलेलं असायचं. वडिलांचा पुरवठा केव्हाच खंडित झाला आहे, हे कंपनीला कुणी कळवलं नव्हतं.

यात आमचा काही खास निष्काळजीपणा होता असं नाही. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत मीटरच्या पेट्यांवरची नावं वाचत गेलं, तर निम्म्या गल्लीला वीज कालकथित मंडळींच्या कृपेनं मिळते असं वाटेल. माणूस गेला की रेशनकार्डातून त्याचं नाव कमी होतं, बँक खातं बंद करते, मतदार यादीतून तो गळतो (निदान गळायला हवा). मीटरकडे मात्र कुणी जात नाही. बिल भरलं जातंय तोवर कंपनी ग्राहकाची विचारपूस करत नाही, आणि ग्राहकही कंपनीची करत नाही. आमच्याकडे हा एक अलिखित करारच आहे.

पण आमच्या घरात तो नुसता आळस नव्हता. आईनं ते नाव ठरवून ठेवलेलं होतं. वडील गावाहून चिकलठाण्याच्या कारखान्यात कामाला आले, तेव्हा गावात वीज आलेली होती. म्हणजे विजेचे खांब गावातल्या शेवटच्या घरापर्यंत आले होते आणि तिथं थकून थांबले होते. आमची वस्ती त्याच्या पुढं होती. शहरात आल्यावर पहिली दोन वर्षं शेजाऱ्याच्या मीटरवरून ओढलेल्या वायरीवर गेली. शेजारी सज्जन होता, फक्त राग आला की वायर काढायचा, आणि त्याला राग वारंवार यायचा. मग वडिलांनी स्वतःचं कोटेशन भरलं आणि मीटर बसलं. पहिलं बिल आलं तेव्हा त्यांनी ते पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला टांगलं. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवण्याच्या नादात भरायची तारीख उलटून गेली आणि पहिल्याच महिन्यात दंड बसला. आई ही गोष्ट सांगताना दंडाचा भागही अभिमानानंच सांगते.

सोलर बसवायचं ठरलं ते कूलरमुळं. इथला एप्रिल-मे कसा असतो ते सांगत बसत नाही. आई ऐंशीला टेकलेली, आणि बिलाच्या भीतीनं ती कूलर दुपारी एक ते तीन एवढाच लावायची, तोही मी समोर असले तर. छतावर पॅनल बसवली की बिल जवळजवळ शून्यावर येतं आणि खर्चाचा मोठा भाग सरकार अनुदान म्हणून परत देतं, असं सगळीकडे फलकांवर लिहिलेलं होतं. आईनं पेन्शनमधून साठवलेली ठेव मोडायची तयारी दाखवली. अनुदान आलं की ती ठेव पुन्हा करायची असं ठरलं. तिची अट एकच होती, आणि ती तिनं पॅनलवाल्याला पहिल्याच दिवशी चहाचा कप हातात द्यायच्या आधी सांगितली.

"बसवा. पर मीटरवरचं नाव बदलायचं नाय."

पॅनलवाला पन्नाशीचा, अनुभवी गृहस्थ होता. आईला खाला म्हणायचा, मला आपा. "नाम से क्या लेना है खाला," तो म्हणाला. "सूरज थोडीच नाम पूछता."

"सूर्य नाय विचारत. हापिसवाले विचारतेत."

"नै पूछते. आधे शहर का ऐसाच है. मैं बोल्या ना."

"तू बोल्यास. ते बोलले का?"

तो हसला आणि त्यानं चहा घेतला. तेवढ्यावर व्यवहार ठरला.

अर्ज मी भरला. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. तीस-बत्तीस वर्षं लोकांना योग्य वस्तू योग्य कप्प्यात ठेवायला शिकवलं, त्यामुळं रकाने भरण्याबाबत मला नको तेवढा आत्मविश्वास आहे. पोर्टल उघडलं की आधी एक हसरा सूर्य यायचा आणि बराच वेळ गोल फिरत राहायचा. नंतर कळलं की तो प्रतीक्षेची खूण आहे. मी त्याला बोधचिन्ह समजून कौतुकानं बघत बसले होते. ग्राहक क्रमांक टाकल्याबरोबर वडिलांचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर, सगळं आपोआप रकान्यांत येऊन बसलं. वडिलांना कुठल्याही कचेरीत इतक्या तत्परतेनं कुणी ओळखलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढं एक प्रश्न होता: अर्जदार स्वतः ग्राहक आहे काय? होय किंवा नाही. मी खरं बोलले. 'नाही' दाबलं. पोर्टलनं उत्तर दिलं, 'क्षमस्व, ही सुविधा सध्या उपलब्ध नाही.' पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पुन्हा हसरा सूर्य. दुसऱ्या वेळीही 'नाही', दुसऱ्या वेळीही क्षमस्व. तिसऱ्या वेळी मी 'होय' दाबलं आणि दार उघडलं. ती माझी चूक. आज वाटतं, ज्या ठिकाणी खरं बोलल्यावर क्षमा मागितली जाते तिथून माणसानं उठून जावं. पण मी उठले नाही.

ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर गेला. तो मोबाइल चालू होता. आई दर महिन्याला त्यात रिचार्ज टाकून घेते. कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "ज्याला म्हाईत नाय त्याचा फोन आला तर? कुणीतरी उचलाया पायजे का नको?" नऊ वर्षांत तीन फोन आले होते, त्यांतले दोन कर्ज हवंय का विचारणारे. तर तो ओटीपी मी टाकला आणि वडिलांच्या नावानं अर्ज दाखल झाला. "देखो, हो गया," पॅनलवाला म्हणाला.

सगळं भराभर झालं. छतावर सांगाडा उभा राहिला, पॅनल चढली, छतावरची वीज बिलातून वजा करणारं नेट मीटर आलं. कंपनीचे अभियंता येऊन वर गेले, खाली आले, सही करून गेले. लाभार्थ्याचा यंत्रणेसोबत फोटो लागतो म्हणून आई डोक्यावर पदर घेऊन पॅनलशेजारी उभी राहिली. वडिलांच्या नावाखाली आईचा फोटो पोर्टलनं विनातक्रार घेतला. एवढं सगळं सुरळीत चालल्यावर मला शंका यायला हवी होती. सॉफ्टवेअर प्रश्न विचारत नसतं, तेव्हा ते उत्तरं साठवत असतं.

आई कूलर दिवसभर लावू लागली. एवढं एक काम त्यातून खरंच झालं, ते नोंदवून ठेवते.

मग वडिलांच्या मोबाइलवर निरोप आला. जिल्ह्यातल्या निवडक लाभार्थी कुटुंबांचा गौरव सोहळा होणार होता आणि त्यात वडिलांना सन्मानित करण्यात येणार होतं. मी म्हटलं, जायचं नाही. आईनं तोवर पांढरी साडी काढून इस्त्रीला दिली होती.

सोहळा वातानुकूलित सभागृहात होता. बाहेर डिझेलचा जनरेटर धडधडत होता, कारण मुख्य पाहुण्यांच्या भाषणात वीज जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते. मुख्य पाहुणे दोन तास उशिरा आले. तोपर्यंत निवेदकानं सूर्यावरच्या त्याच्याजवळच्या सगळ्या चारोळ्या संपवल्या होत्या आणि तो चंद्राकडं वळला होता. पाहुण्यांनी सांगितलं की त्यांच्या कार्यकाळात सूर्य प्रथमच सामान्य माणसाच्या दारात आला आहे. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारचे एक आजोबा पुटपुटले, "मग आमी एवढे दिस कशात वाळवत होतो धुणं?" पण टाळ्या त्यांनीही वाजवल्या.

मग नावं पुकारली जाऊ लागली. वडिलांचं नाव आलं. पूर्ण नाव, आडनावासकट, मागं 'श्रीमान' लावून, मोठ्या कर्ण्यावरून. "आणि आनंदाची गोष्ट म्हणजे ते स्वतः आज आपल्यात उपस्थित आहेत! जोरदार टाळ्या!" आई उठली. व्यासपीठावर मुख्य पाहुण्यांनी श्रीमानांसाठी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, मग फोटोवाल्याकडं पाहिलं, आणि आईच्या हातात प्रमाणपत्र आणि तुळशीचं रोप दिलं. फोटो निघाला. कुणालाच काही खटकलं नाही. सोहळ्यांची ही एक सोय असते, तिथं समोर कोण आहे हे कुणी बघत नाही.

रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "माईकवर नाव घेतलं ह्यांचं. ऐकलंस का?"

"ऐकलं."

"एवढ्या मान्सांत. कारखान्यात बत्तीस वर्ष केली, तिथं कवा घेतलं नाय कुणी."

ती इतकी खूश होती की मी सोहळ्याबद्दल बोलायचे चार-पाच चांगले शेरे गिळून टाकले.

अनुदानासाठी शेवटची पायरी उरली होती, बँक खात्याचा तपशील भरणं. वडिलांचं खातं बँकेनं त्यांच्या मागोमाग बंद केलं होतं. मी आईचं खातं टाकलं. सूर्य फिरला आणि लाल अक्षरं आली: 'खातेदाराचे नाव ग्राहकाच्या नावाशी जुळत नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.' मी पुन्हा प्रयत्न केला. नावं पुन्हा जुळली नाहीत. मग माझं खातं टाकून पाहिलं, मग पुन्हा आईचं. पाचव्या वेळी पोर्टलनं कळवलं की आपले प्रयत्न संपले आहेत, चोवीस तासांनंतर यावे. पुढचा महिनाभर मी रोज सकाळी आंघोळ करून पाच प्रयत्न करत होते. काही लोक सूर्यनमस्कार घालतात.

मदतवाहिनीवर एक मुलगी भेटली. आवाज गोड, सहनशील.

"मॅडम, ग्राहक स्वतः बोलतायत का?"

"मी त्यांची मुलगी. ते वारलेत."

"ठीक आहे मॅडम. मग त्यांना सांगा, पासबुकाच्या पहिल्या पानावर सही करून फोटो अपलोड करायचा."

"अहो, ते वारलेत. नऊ वर्षं झाली."

मागं दहा-बारा अशाच गोड आवाजांचा गलका ऐकू येत होता. "मॅडम, माझ्याकडं इथं तसा पर्याय नाही," ती हळूच म्हणाली. तिच्या पडद्यावर ग्राहकाचे किती प्रकार होते कुणास ठाऊक, मेलेला त्यात नव्हता. "मी तुमची तक्रार नोंदवून घेते. तुम्ही समाधानी आहात का, यासाठी एक दाबा."

तक्रार क्रमांक मिळाला. तीन दिवसांनी निरोप आला की तक्रारीचं निराकरण झालं आहे. पोर्टलवर लाल अक्षरं तशीच होती.

पॅनलवाल्याला फोन केला. "आपा, मेरा काम छत तक का था," तो म्हणाला. आवाजात ओशाळेपणा होता, तो मी मान्य करते. "सबका ऐसाच चलता था पहले. अब नया सिस्टम आया बोलते. बिजली के दफ्तर जाके पूछो."

कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात खिडकीपाशी एक बाई होत्या. चष्मा कपाळावर, समोर दोन संगणक, त्यांपैकी एक चालू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि ऐकून घेणारी व्यक्ती मला त्या महिन्यात पहिल्यांदाच भेटत होती.

"मीटर आईच्या नावावर करून घ्या," त्या म्हणाल्या. "नाव जुळलं की पैसे जमा होतील. दुसरा मार्ग नाही."

म्हणजे आईची अट मोडायची. घरी येऊन मी दोन दिवस काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आई कूलरसमोर पेपर वाचत बसलेली होती तेव्हा सांगितलं.

"नाय," ती म्हणाली आणि पान उलटलं.

"अगं, तुझी ठेव अडकलीय त्यात."

"अडकू दे."

"आई, नाव म्हणजे काय ते? एका पेटीवर चिकटवलेला कागद. बाबा काय त्या मीटरात आहेत का?"

हे मी बोलायला नको होतं. तिनं पेपर खाली ठेवला.

"मग कुठं हायेत? सांग की."

मी तो उचलून त्याची घडी घालू लागले.

"रेशनकार्डातून काढलं. बँकेतून काढलं. घरपट्टीवर माझं नाव घातलं, तूच घालून आणलं. कारखान्याची सोसायटी, तिथून बी काढलं. मतदानाला गेले तर यादीवर ह्यांच्या नावावर आडवी रेघ. सगळ्या हापिसांना लई घाई, मानूस गेला की पुसायची. ह्या एका हापिसाला कळलं नव्हतं. आता तू जाऊन सांगून आलीस."

या शहराचं नाव बदललं तेव्हा पाट्या, शिक्के, लेटरहेड सगळं बदललं, त्यावर चर्चा झाल्या, मोर्चे झाले, मतं मांडली गेली, आणि दोन्ही बाजूंच्या भाषणांवर मी मनातल्या मनात गुण देत होते. एका नावानं माणसं इतकी कासावीस का होतात, असं मला तेव्हा वाटायचं. बरीच पुस्तकं हाताखालून गेली की असले प्रश्न पडायची सवय लागते.

आठ दिवसांनी आईनंच विषय काढला. त्या दिवशी बँकेतून पेन्शन आणताना तिनं पासबुक छापून आणलं होतं. "ठेव नाय राहिली तर मी पडले-झडले तर दवाखान्याला तुझ्याकडं हात पसरायचा," ती म्हणाली. "ह्यांना ते नसतं आवडलं. कर बाई, काय करायचं ते." मी म्हटलं, माझ्याकडं हात पसरण्यात काय आहे? तिनं पासबुक घडी करून पिशवीत ठेवलं. आम्हा दोघींनाही ठाऊक होतं की मी तिला महिनाभर रोज सकाळी लाल अक्षरं वाचून दाखवली होती, आणि म्हातारं माणूस यंत्राला नसेल कंटाळलं तरी मुलीच्या चेहऱ्याला कंटाळतं.

मृत्यूचा दाखला घेऊन मी पुन्हा खिडकीपाशी गेले. बाईंनी तो पाहिला आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

"अहो, ही तारीख आत्ता बघतेय मी. यांना जाऊन नऊ वर्षं झाली, आणि सोलरचा अर्ज यंदाचा. अर्जात 'स्वतः ग्राहक' लिहिलंय. म्हणजे मयत माणसानं अर्ज केला असं होईल. हा दाखला जोडला की तो अर्ज रद्द. वर चौकशी."

"मग?"

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. माणुसकीचं काहीतरी करताना सरकारी माणसं जशी बघतात तसं. "वडिलांचा मोबाइल चालू आहे ना? मग वारसानं करू नका. संमतीनं करा. जुना ग्राहक नव्या ग्राहकाला आपखुशीनं मीटर देतो, असा एक अर्ज असतो. दोघांच्या मोबाइलवर ओटीपी येतात. दोन दिवसांत होतं. सगळे तसंच करतात."

सगळे तसंच करतात, हे वाक्य या शहरात कायद्यापेक्षा जुनं आहे. मी ते दुसऱ्यांदा ऐकत होते आणि दुसऱ्यांदा मानलं.

तो अर्ज मी घरी बसून कंपनीच्या पोर्टलवर भरला. आई शेजारी होती, मांडीवर वडिलांचा मोबाइल घेऊन. जुना ग्राहक, नवा ग्राहक, हस्तांतरणाचं कारण. कारणांच्या यादीत विक्री, भाडे, बक्षीस आणि इतर असे पर्याय होते. मी 'इतर' निवडलं. मग पोर्टल म्हणालं, 'जुन्या ग्राहकाची संमती घेण्यात येत आहे.' आणि मोबाइल वाजला.

"आला," आई म्हणाली.

"वाच."

तिनं तो डोळ्यांपासून लांब धरला. "काय लिवलंय वर?"

वर लिहिलं होतं की आपण आपली वीजजोडणी दुसऱ्याच्या नावे करण्यास संमती देत आहात, संमती नसल्यास हा क्रमांक कोणालाही सांगू नये. मी वाचून दाखवलं.

ती बराच वेळ पडद्याकडं पाहत राहिली. ओटीपीची मुदत तीन मिनिटांची असते. ती संपली. दुसरा मागवला, त्याचीही तशीच गेली. तिसरा आल्यावर तिनं एकेक आकडा सांगितला, शाळेत पाढे म्हणावेत तसा, माझ्याकडं न बघता. सहा आकडे झाले. हिरवी खूण आली. वडिलांनी संमती दिली.

दोन दिवसांत खरंच नाव बदललं. वडिलांचा मोबाइल पुन्हा वाजला, आमच्या सेवेचा लाभ घेतल्याबद्दल धन्यवाद देण्यासाठी.

मी अधीर होऊन अनुदानाचं पोर्टल उघडलं. ग्राहक क्रमांक टाकला. सूर्य फिरला, थांबला, आणि लाल अक्षरं आली. यावेळी ती वेगळी होती: 'अर्जदार ग्राहक अस्तित्वात नाही.'

नऊ वर्षांत कुठल्याही सॉफ्टवेअरनं आमच्या घराबद्दल बोललेलं हे पहिलं खरं वाक्य. मी ते आईला वाचून दाखवलं नाही.

मग आईच्या नावानं नवा अर्ज करायचा प्रयत्न केला. उत्तर लगेच आलं. या छतावर यंत्रणा आधीच बसवलेली आहे, योजना फक्त नव्या यंत्रणेसाठी आहे. म्हणजे जुना अर्ज ज्याचा होता तो ग्राहक राहिला नव्हता, आणि जो ग्राहक होता त्याची यंत्रणा जुनी होती. मी तर्कशास्त्राची पुस्तकं लावलेली बाई आहे. मी त्यात फट शोधत चार दिवस बसले. फट नव्हती. इतकं निर्दोष काम मी सरकारी खात्यात क्वचितच पाहिलं आहे.

खिडकीवरच्या बाईंनी वर पत्र लिहिलं. वरून उत्तर आलं की हा विषय पोर्टलच्या अखत्यारीत आहे. पोर्टलनं सांगितलं की ग्राहकाच्या नावाचा विषय वीज कंपनीच्या अखत्यारीत आहे. मी दोन्ही पत्रं एका प्लास्टिकच्या पाकिटात घातली. ती एकमेकांकडं बोट दाखवत तिथं अजून आहेत.

पुढच्या महिन्याचं बिल आईच्या नावानं आलं. शून्याच्या जवळ होतं, कबूल केल्याप्रमाणं. आईनं ते घेतलं, नावावर बोट ठेवून वाचलं, बाजूला ठेवलं. जेवताना म्हणाली, "ठेव गेली ती गेली. पर आता पैसे नाय येणार म्हणल्यावर माझं नाव कशाला पायजे तिथं? पयल्यासारखं करून घे. ह्यांच्या नावावर."

"आई, तसं होत नसतं."

"विचारलंस का?"

"विचारायची गरज..."

"विचारलंस का म्हणते मी."

विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तीही निघाली माझ्याबरोबर. मी रिक्षात तिला समजावत होते, ती बाहेर बघत होती. कार्यालयात गर्दी होती. खिडकीवरच्या बाई आम्हाला बघून आधीच ओशाळल्या. त्यांनी आईसाठी आतून खुर्ची बाहेर द्यायला लावली. आई बसली नाही. खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली.

"बाई, मी देते माझी संमती," ती म्हणाली. "माझा मोबाईल आणलाय, ह्यांचा बी आणलाय. दोन्हीवर नंबर येऊ द्या. पयल्यासारखं करा."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी संगणकाकडं पाहिलं. त्यांनी खरोखरच ग्राहक क्रमांक टाकला, बहुधा तेवढा मान ठेवायचा म्हणून, आणि पडद्यावर आलेलं वाचलं.

"आजी, गेल्या महिन्यापासून नियम बदललाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नुसत्या ओटीपीवर होत नाही आता. नव्या ग्राहकाचा चेहरा कॅमेऱ्यात दाखवावा लागतो. त्यांना इथं आणावं लागेल."

मागं रांगेतला एक माणूस म्हणाला, "आजी, आणा की आजोबांना. आमचा बी टाइम जातोय."

आईनं त्याच्याकडं वळून पाहिलं नाही. ती त्या छोट्या कॅमेऱ्याकडं पाहत होती, बाईंच्या संगणकावर क्लिपनं लावलेल्या. मग तिनं दोन्ही मोबाइल पिशवीत टाकले.

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्यांचं काय येणं व्हत नाय."

बाईंनी पुढचा क्रमांक पुकारला. आम्ही बाजूला झालो.